चिकटपट्टी

मे महिना. जळगाव एमआयडीसी. पत्रा तापून टिकटिक वाजतोय.
कूलरमध्ये दोन कळश्या पाणी ओतलं
आणि आलेल्या सात अर्जांवर, आडनावांवर तेवढी,
चटईचे गठ्ठे बांधायची तपकिरी चिकटपट्टी लावली.
तोतारामअण्णा म्हणाले, ताई, मग माणूस कळायचा कसा?
म्हटलं, तेच तर बघायचंय.

शिफ्ट सुपरवायझर. जागा एक.
प्रश्न पाच, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने.
सहावा कारखान्यात:
बारा माग चालू आहेत, त्यातला आजारी कोणता,
डोळे मिटून सांगा.

अण्णांना राहवत नाही.
पाणी देता देता दारातच सुरू,
"कोठला शे रे भाऊ तू? कोना पोर्‍या?"
हा प्रश्न आमच्याकडे रामरामासारखा,
जिव्हाळ्यानेच विचारतात,
आणि उत्तर आलं की मनातल्या मनात
खुर्ची थोडी पुढे किंवा मागे सरकते.
त्यांना हिशेबाची वही देऊन आतल्या खोलीत बसवलं.

चौथी आली.
अर्जात तीन वर्षं कोरी.
कोरी जागा मी ओळखते.
तिथे पाळणा असतो, नाहीतर कोर्ट,
नाहीतर कोणाचं तरी अंथरूण.
भुसावळला एका साहेबाने मला विचारलं होतं,
"लग्न झालंय, आता मूल कधी?"
"इतक्यात नाही, सर," म्हटलं होतं मी
आणि परतीच्या एसटीत पोटावर पर्स धरून बसले होते.
तिसरा महिना होता.

पुढे आलेली जीभ आत घेतली.
विचारलं तेच, जे आधीच्या तिघांना:
रात्रपाळी दहाला लागते, आठवड्यातून दोनदा. जमेल?
जमेल, म्हणाली. मग थांबून,
"मॅडम, ती तीन वर्षं..."
"ते सांगायची गरज नाही."
तिचा चेहरा उतरला.
तिला सांगायचं होतं.
पाठ करत आली असणार, बसमध्ये, चोपड्यापासून.

मागांपाशी म्हणाली, नववा.
अकरावा होता.

सहाव्याने कुबडी भिंतीला टेकवली,
डोळे मिटले, बराच वेळ उघडलेच नाहीत.
"अकरावा. आणि तिकडच्या मोटरचा पट्टा बघून घ्या."
पट्टा खरंच सुटत आला होता.

संध्याकाळी गुणांची बेरीज तीनदा केली.
तिच्या बाजूने चूक सापडते का बघत होते, कबूल करते.
सापडली नाही.
फोन मीच केला. चार गुणांनी, म्हटलं,
आणि कुठले चार, तेही.
पलीकडे कुकरची शिट्टी.
मग, "बरं मॅडम.
ते माग पुन्हा ऐकायला येऊ का एकदा?"

उकाड्याने गोंद सैल होऊन
सहाव्या अर्जावरची पट्टी कोपऱ्यातून उचलली होती.
आडनावाचं पहिलं अक्षर दिसत होतं.
दाबलं. पुन्हा उठलं.
उजव्या हाताने निवडीच्या नोंदीवर सही होईपर्यंत
डावा अंगठा तिथेच ठेवला.