अर्थिंग

ग्युम्री, सकाळ, उणे अठरा.
गॅरेजचं कुलूप आधी काडी पेटवून शेकावं लागलं.
तातुल चावी फिरवतो आणि झिगुली,
अंथरुणातून ओढून काढल्यासारखी,
ऊं... ऊं... ऊं...
चौथा ऊं येतच नाही.

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडते.
स्वेटरवर कोट, कोटावर आईची शाल.
"बॅटरी! बॅटरीच आहे, न्वार्द!
चाळीस वर्षं चालवतोय मी!"
खिडकी बंद.

बॅटरी नोव्हेंबरात घेतलीय.
मागच्या हिवाळ्यातही बॅटरीच घेतली होती.
रोग रेड्याला, औषध पखालीला,
आणि बाबांचं पेन्शन त्या पखालीत.

मी मीटर काढते.
क्रास्नोदारच्या ट्राम डेपोत अकरा वर्षं
हाच माझ्या खिशात होता.
आधी माप, मग शिवी, फोरमन म्हणायचा.

बॅटरी निवांत असताना बारा पूर्णांक सहा.
"फिरव."
अकरा सात. म्हणजे हिच्यात जोर आहे,
वाटेत कुणीतरी खातंय.
तेल पाहिलं, हिवाळ्याचंच, पातळ.
लाल तार, बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत: शून्य पूर्णांक दोन. चालेल.
आता काळी बाजू.
एक टोक बॅटरीच्या वजा खांबावर,
दुसरं थेट इंजिनच्या अंगावर.
"फिरव. अजून. सोड."
दोन पूर्णांक तीन.

तातुल बोटांवर फुंकर मारत विचारतो,
जास्त म्हणजे चांगलं ना?
नाही रे. इथे जवळजवळ शून्य हवं.
जायचा रस्ता धड आहे,
परतीचा अडलाय.

टॉर्च दातांत धरून वाकते.
बॅटरीखालची तांब्याची जाड वेणी
जिथे बॉडीला टेकते, तिथे चेरी रंग.
बोल्टवर. वॉशरवर.
पाना लावून उघडलं, तर वॉशरखालीही,
गुळगुळीत, दोन हात,
मध्ये काचपेपर मारलेला.
बाबांचं काम. एक कोपरा सोडलेला नाही.

परतायच्या आधी फोनवर विचारत होते,
कुठला रंग आवडतो गं तुला, असंच विचारतोय.
डेपोत आवाज होता, मी काहीतरी म्हणाले असेन.
स्टेशनवर उतरले तर बर्फात ही उभी,
आणि शेजारी ते, नखांत तोच रंग.
तेव्हाही ही दोनदा कण्हली होती.
"थंडी आहे," म्हणाले.

खरवडते, चाकूने, मग काचपेपरने,
नाण्याएवढीच जागा.
चेरीखाली बेज, बेजखाली राखाडी प्रायमर,
त्याखाली पत्रा, कोरा.
ग्रीस. वॉशर.
बोल्ट आवळताना पाना तळहाताला चिकटतो.

"फिरव."
झिगुली एका दमात उठते.
तातुल दचकून क्लचवरचा पाय काढतो,
गाडी उडी मारते, बंद पडते,
आम्ही दोघं एकाच वेळी एकच शिवी देतो.
पुन्हा चावी. आता चालू. चालूच.

खिडकी.
"काय होतं?"
माझ्या मुठीत रंगाचे कपचे.
"अर्थिंग ढिलं होतं!"
ते जरा थांबतात. "आणि बॅटरी?"
"बॅटरी उत्तम आहे, बाबा. चांगली निवडलीत."
"मग!"

मूठ खिशात रिकामी करते.
खिडकी अजून उघडीच. ते इंजिन ऐकतायत.
घर गार पडत असणार.