रुमालाखालचा भाव

किंग्ज लिनच्या मोठ्या चर्चला एक घड्याळ आहे,
त्याला तास-मिनिटं विचारू नयेत.
ते फक्त भरती सांगतं.
हिरव्या ड्रॅगनची जीभ बारा अक्षरांवरून सरकते,
आणि खाली दाराशी, दगडात,
कुठल्या साली पाणी कुठवर चढलं त्याच्या रेघा.
एक माझ्या कमरेपाशी.

थर्टलबाई पुढे चालतात. सत्तरीच्या, रबरी बूट,
शनिवारी गाव हिंडवून दाखवतात, फुकट.
आज गिऱ्हाइकं दोनच :
मी, आणि एक निवृत्त प्लंबर
जो प्रत्येक नळी कुठे जाते ते वाकून बघतो.

ही वखार.
काळपट तुळया, पोट सुटलेली भिंत.
समुद्रापलीकडून जर्मन व्यापारी यायचे,
मेण, डांबर, कातडी, वाळवलेले मासे उतरवायचे,
जाताना लोकर भरायचे.
मी नाक वर करून हुंगलं.
कॉफी. आणि कुणाच्या तरी लग्नातली कालची फुलं.

माझे वडील सांगलीच्या पेठेत मापारी होते.
हळदीचे.
बनियन पिवळं, कानाच्या पाळ्या पिवळ्या,
घामसुद्धा पिवळा.
मोजताना 'एक' म्हणायचे नाहीत कधी,
लाभ, दोन, तीन...

'भाषा कुठे येत होती एकमेकांची?' प्लंबर विचारतो.
'जमवत असतील,' थर्टलबाई म्हणतात.
मला राहवेना. त्यांचा स्कार्फ मागितला,
त्यांचा हात हातात घेतला, वर स्कार्फ टाकला
आणि आत दोन बोटं दाबली. मग तिसरं, अर्धं.
असा. चारचौघांत, तोंड न उघडता.
थंड हात, सुजलेले सांधे, रुतलेली अंगठी.
बाई लगेच शिकल्या :
माझं अर्धं बोट त्यांनी हळूच मिटवलं.

मग काचेच्या पेटीतलं ते शिशाचं वजन.
बुडाशी भोक, आत पोकळ.
'कशासाठी, ते सांगता येत नाही,' बाई म्हणाल्या.

मला येत होतं.
आमच्या अडत्याकडे होतं तसलं एक,
बैलगाडीवाल्यांसाठी वेगळं ठेवलेलं.
वडील ते उचलताना कुणाकडे बघायचे नाहीत.
काटा थांबेपर्यंत श्वास धरायचे
आणि मग त्याच आवाजात : लाभ.
माझी कॉलेजची फी कधी थकली नाही.

मी प्लंबरसारखीच वाकून बघत राहिले.
काचेवर माझा श्वास उमटला, बाहीनं पुसला.

बाहेर ओहोटी. नदी पार तळाशी गेलेली,
चिखलात एक सायकल, तिच्यावर बगळा.
स्कार्फ माझ्याच हातात राहिला होता.
धावत जाऊन दिला.
'मग?' थर्टलबाई म्हणाल्या, 'ठरला का भाव?'

'अजून नाही,' म्हटलं.
'माल बघायचाय.'