वाळूचा उतार

नावाड्याचं नाव शान्ती.
मला हसू आलं. का, ते त्याला सांगेपर्यंत
ओन्दारिबियाचा धक्का मागे पडला,
हिरव्या-लाल लाकडी सज्जांवर वाळत घातलेले टॉवेल
नखाएवढे झाले.
"शांतता?" तो म्हणाला. "माझ्या बायकोला सांगून बघ."

तिकीट दोन युरो साठ. सुटे द्यावे लागतात.
पलीकडचं गाव एन्दाया, पलीकडचा देश फ्रान्स,
मधे बिदासोआ,
पोचायला सात मिनिटं.

माझ्या आतल्या खिशात पासपोर्ट.
त्यावरच्या शिक्क्यासाठी दिली होती
सहा महिन्यांची पगारपत्रकं, दहा बोटांचे ठसे,
आणि परत जाईनच, अशी लेखी ग्वाही.
आता कुणीतरी तो मागावा
असं अगदी मनापासून वाटत होतं.
एक कुत्रा येऊन हुंगून गेला.

समोरच्या बाकावर पांचिका, वय ब्याऐंशी,
मांडीवर ओल्या कागदात सहा तारल्या.
दर गुरुवारी मासळी इकडून,
कारण तिकडचे मासळीवाले चोर;
पाव तिकडून,
कारण इकडच्यांना पावातलं काही कळत नाही.
हे तिने मला फ्रेंचमध्ये सांगितलं, मग स्पॅनिशमध्ये.
शान्तीशी मात्र जे बोलली
ते दोन्हींपैकी काहीच नव्हतं.
त्या भाषेला दोन्ही काठ माहेरचे.

मी शब्द मागितले, प्रवासी फोटो मागतात तसे.
नदी? इबाय.
सीमा? मुगा.
हो? बाय.
रात्र? गाव.
काय?
गाव, ती म्हणाली, गाव, आणि बोट वर केलं
जिथे भर दुपार होती.

आमच्यात गाव म्हणजे, मी सुरुवात केली,
आणि थांबलो.
सात मिनिटांत मावेल असं ते नव्हतं.

तिची आई 'गावलान' करायची. रात्रीचं काम.
धुक्यात, ओहोटीला, झगा कमरेशी खोचून:
कॉफी, तांब्याची तार, शिवणयंत्राच्या सुया.
युद्धात एकदा एक माणूस. त्याला खोकला होता.
आईने आपल्या रुमालाचा बोळा त्याच्या तोंडात दिला
आणि पाणी छातीला लागलं तरी
मनगट सोडलं नाही.
नाव विचारलं नाही तिने.
रुमाल परत आला नाही.

बोट केव्हाच धक्क्याला लागली होती.
शान्ती दोर हातात धरून उभा,
पांचिका बसलेलीच.
चांगला रुमाल होता, ती म्हणाली,
कडेला निळं भरतकाम.
तिला अजून रुमालाचंच वाईट वाटतं.

मग उठली, तारल्या सावरल्या,
आणि पावाच्या दिशेने निघून गेली.

शहराच्या नावाचा अर्थ शान्तीने नंतर सांगितला.
वाळूचा उतार.
पाय टेकवत पार व्हायची जागा.
म्हणजे आधी माणसं नुसती चालत गेली,
नाव नंतर आली.

वर, पुलांच्या अलीकडे, एक बेट आहे,
सहा महिने ह्यांचं, सहा महिने त्यांचं.
कुणी राहत नाही.
देश बदलतो त्या दिवशी तिथे काय होतं?
त्याने जरा विचार केला.
"गवत कापायची पाळी बदलते."

दिवसभर मी एन्दायाच्या लांबच लांब वाळूवर चाललो,
बूट हातात. एक आइस्क्रीम. एक फसलेलं ऊन.
शेवटच्या बोटीला मी एकटाच.
ओहोटी उतरलेली, चिखल उघडा,
त्यात कुठल्याशा पक्ष्याची पावलं
अर्ध्यापर्यंत येऊन संपलेली.
दोन्ही काठांवरचे दिवे एकाच पाण्यात
लांब होत होत एकमेकांना भिडत होते
आणि इंजिन त्यांना फाडत चाललं होतं.

दोर बांधता बांधता शान्ती म्हणाला,
गाव ओन.
रात्र चांगली जावो.
मला जे ऐकू आलं ते मी त्याला सांगितलं नाही.
मीही म्हणालो, गाव ओन,
आणि धक्क्यावर उभा राहून खिसा चाचपला.
पासपोर्ट होता.
कोरडा.