पाच मिनिटं हात न लावता

चोपड्याच्या कचेरीत, खिडकीला लागून,
माझा कॉम्प्युटर. त्याची एक खोड आहे:
पाच मिनिटं कुणी हात लावला नाही
की त्यात जंगल येतं.

कुठलं, ते लिहिलेलं नाही. अकरा फोटो,
मशीन आलं त्या दिवसापासून तेच,
एकातून दुसरा उमटत जाणारे.
पांढऱ्या सालीची झाडं. शेवाळलेले दगड.
धुकं, जे आमच्याकडे पौषात, केळीच्या बागेत,
तेही घटकाभर.
माउस हलला की सगळं गडप,
आणि पुन्हा दाव्याचा अर्ज, रकाना सात.

मे महिना. कूलरमध्ये पाणी नाही, नुसताच गरगरतोय.
समोर भायला पावरा, वैजापूरच्या पलीकडून
दोन गाड्या बदलून आलेले.
मांडीवर पिशवी, पिशवीत कागद,
कागदांना चुलीच्या धुराचा वास.
सर्व्हरचं चाक फिरत होतं, फिरत होतं.
मी हात काढून ओढणीने मान पुसली,
आणि मग तो तसाच मांडीवर राहिला.

जंगल आलं.

ते खुर्चीत पुढे सरकले.
"हाई जंगल कथं शे, ताई?"
त्यांची बोली निराळी, अहिराणी माझ्यासाठी.
मी म्हटलं, परदेशातलं असेल. कंपनीनं दिलंय.
"मंग हात नको लावू. देखू दे."

पहिल्यालाच त्यांनी मान हलवली.
सगळी झाडं एका वयाची, एका ओळीत:
हे जंगल नव्हे, शेत आहे, लाकडाचं.
दुसऱ्यात पाला साचलाय गुडघाभर,
म्हणजे इथे गुरं येत नाहीत, आगही येत नाही.
चौथ्यावर बोट टेकवलं. खोडावरच्या पाच रेघा
मला आजवर सावली वाटायच्या.
अस्वल, ते म्हणाले. चढलं नाही. नुसती नखं घासली.
सहाव्यातल्या कड्यावर मात्र ते नाराज दिसले:
एवढा कडा, आणि एक पोळं नाही?

आठव्यात एक पायवाट आहे.
तीन वर्षं बघतेय मी ती. सरळ येते,
मध्येच डावीकडे वळते, थोडी,
आणि परत आपल्या ओळीवर.
"इथे झाड होतं," ते म्हणाले.
मी म्हटलं, दिसत तर नाही.
"पडलं असेल. नेलं कुणी.
पायांना अजून कुणी सांगितलं नाही."

मी बघत राहिले. खरंच मोकळी जागा,
गवत, त्यावर ऊन,
आणि वाट तिला वळसा घालून गेलेली.
अंजनाएवढं असेल का? धावड्याएवढं?
विचारणार होते, तर नववा आला.

मग सर्व्हर आला. मी माउस हलवला.
पुरावा क्रमांक दोन?
त्यांच्या वडिलांना नांगर धरल्याबद्दल दंड झाला होता,
सव्वा रुपया. पावती वाळवीनं खाल्ली.
दुसरी प्रत इथेच होती, लोखंडी कपाटात.
कपाट गेल्या दिवाळीत जळगावला गेलं,
रेकॉर्डसकट, ट्रॅक्टरमध्ये आडवं घालून.
तिकडे विचारलं की ते म्हणतात, यादी पाठवा.
यादी कपाटात होती.

मी "अप्राप्त" टाइप केलं.
ते वाचता येत नसूनही त्यांनी ते वाचलं.
साडेतीनची गाडी होती. उठताना
त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, तर तिथे अर्जच.

ते गेल्यावर मी सेटिंग उघडलं
आणि पाचाचा एक केला.
साहेब ओरडतील. सारखंसारखं येईल आता ते,
बेरीज करताना, फोन घेताना,
नुसता विचार करायला थांबले तरी.

चारला हिलाल आप्पा चहा घेऊन आले.
दारातून माझ्या टेबलापर्यंत मध्ये काहीच नाही आता,
नऊ फरशा, मोकळ्या.
ते आले भिंतीकडून, अंग चोरून,
कप सांभाळत.