उजव्या खिडकीतला हात

मिरकरवाड्यातून निघायलाच साडेपाच झाले.
मागे अठरा क्रेट बांगडा, बर्फ पाझरतोय,
चिपळूणचं गिऱ्हाईक कुणासाठी थांबत नाही.

निवळीच्या उतारावर पुढे जांभ्याचा ट्रक
दुसऱ्या गिअरात कण्हत चाललेला,
चिऱ्यांची लाल धूळ माझ्या काचेवर.
मी हॉर्न दिला. परत दिला.
मुबीन म्हणाला, घाल की उजवीकडून.

तेव्हा खिडकीतून हात आला,
तळवा खाली, सावकाश दाबत,
झोपत नसलेल्या पोराला थोपटावं तसा.
थांब.

शिवी तोंडातच धरून मी ब्रेक दाबला.
वळणाआडून एसटी आली,
इतक्या जवळून गेली
की काचेला डोकं टेकून झोपलेल्या एकीची
चुरगळलेली अबोली दिसली.
मुबीन काही बोलला नाही.

मग तोच हात, बोटं पुढे हलवत:
जा आता.
बाजूने जाताना पाहिलं,
कोपर, काळा दोरा, विझलेली बिडी.
चेहरा आत कुठेतरी राहिला.
मी दोनदा हॉर्न वाजवला, आखूड.
आमच्यात आभार एवढेच.

बावनदीचा पूल संपला
तर मागे पांढरी गाडी, पुण्याची,
डिपरवर डिपर.
मुबीन म्हणाला, रखडव जरा त्याला.
समोर रस्ता मोकळा दिसत होता,
त्याला दिसत नव्हता.

मी डावीकडे दबलो
आणि हात बाहेर काढला.
गाडी गेली, न बघता.
हात मी थोडा वेळ तसाच ठेवला,
वाऱ्यावर खवले सुकत राहिले.