उंदी, रंड

शिरसीहून निघालेली पेटी मांडीवर घेऊन बसले
तर कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं.
"लेकरापरीस जड हाय जी," म्हणाला.
एटापल्लीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला
भात्यातून तिचा एकेक उसासा.
शेजारची बाई शेवटी म्हणाली, "थकली वाटते बिचारी."

माझी मराठी पुस्तकातली, लिंग चुकणारी.
पहिल्याच दिवशी "माझी पेटी बिघडला" म्हणाले
आणि सहावीचा अख्खा वर्ग आनंदानं कोसळला.
त्यांनाही मराठी शाळेतच भेटलेली,
माझ्याआधी पाच वर्षं, इतकंच.

बोरकुटे सर म्हणाले, "सव्वीस जानेवारीले
एक तरी गाणं एका सुरात पाह्यजे मॅडम.
या पोट्ट्यायले सूरच नाही."
मी काळी चार धरली. पोरं तिला धरेनात.

मैनी पुंगाटीचा आवाज
गंधाराच्या जरा अलीकडे जाऊन बसायचा,
जिथं माझ्या पेटीत पट्टीच नाही,
फट आहे फक्त,
आणि फटीत शिरसीच्या पावसाची जुनी बुरशी.
वर ये, म्हणायचे मी. अजून वर.
ती यायची, पाहुण्याच्या घरी बसावं तशी.

रात्री वसतिगृहामागं मुली हात गुंफून
गोल फिरत गायच्या, तेव्हा
चाळीसजणी त्याच फटीत, अचूक.
अंधारात मी पट्ट्या चाचपल्या.
नव्हताच तो माझ्याकडे.

मग तीनताल. ओसरीच्या कडेवर हात,
एक दोन तीन चार,
सगळे गणिताच्या तासाला बसल्यासारखे ताठ.
"तुमच्या भाषेत मोजा गं," कंटाळून म्हणाले.

उंदी, मैनी म्हणाली. रंड. मूंद. नालुंग.

माझा हात खाली येता येता थांबला.
ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु.
आई पडवीत सुपाऱ्या मोजायची
तेच आकडे, दुसऱ्या पायवाटेनं आलेले.
कुणी कुणाला कधी मागं सोडलं,
कोण कुठल्या नदीशी थांबलं, मला माहीत नाही.
मी फक्त मोठ्यानं म्हटलं: मूरु.
मैनीनं मान वाकडी करून बघितलं,
बघत राहिली, आणि दुरुस्त केलं: "मूंद."
लहान बहिणीला करतात तसं.

सैयुंग, ती.
ऐदु, मी.
सारुंग—
आणि जेवणाची घंटा झाली,
ताटं वाजवत वर्ग पळाला.

दैनंदिनीत लिहिलं: तीनताल, अपूर्ण.
बोरकुटे सरांनी लाल शाईत विचारलंय, का?