लिहून झाल्यावर

रंगखात्यात माझं काम डोळ्यांचं.
टॉवेलचा लॉट बाहेर आला
की तुकडा खिडकीपाशी न्यायचा, शेडकार्डाला लावायचा,
आणि सांगायचं : अर्धी शेड फिका. परत घाला.

म्हणूनच दुडम मास्तरांनी मला बरोबर घेतलं असावं.
तेलुगू शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर.
म्हणाले, "बाकीच्यांना तारे दिसतात. तुला फरक दिसतो."

डिसेंबरात हिप्परग्याच्या बांधावरून
शेंडेनक्षत्र पहिल्यांदा सापडलं दुर्बिणीत :
आरशावर कुणी हा केल्यासारखं.
शेंडा नाही, काही नाही.
मास्तर म्हणाले, आता दुर्बीण बिघडव.
रेवतीची तारा फोकसमधून सोड, फुगू दे,
त्या धुरकट डागाएवढी झाली की थांब.
मग सांग, उजळ कोण.
ठिपक्याशी डाग ताडून बघता येत नाही,
डागाशीच डाग लागतो.
हे मला शिकवावं लागलं नाही.

आकडा लहान तेवढा उजेड मोठा,
हे आईला पटलं नाही.
"हजार विड्या वळल्या तर हजारच म्हणतात," ती म्हणाली,
"तुमच्या तोकचुक्क्याचं सगळं उलटं."

वह्या दोन. एक त्यांची, एक माझी.
आपला आकडा लिहून होईपर्यंत
दुसऱ्याचा विचारायचा नाही.
एवढा एकच नियम त्यांनी
दोनदा सांगितला होता.

सहा पॉइंट दोन.
पाच पॉइंट चार. मध्ये एक टोक, सुईचं असावं तसं.
मग तीन दिवस ढग.
मग एकदम तीन, आणि शेंडा, डावीकडे वळलेला,
मुठीएवढ्या आकाशात मावेना.

गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानावर
पाळण्यांच्या दिव्यांतूनही ते दिसायचं,
मी भाच्याला बोट करून दाखवलं.
मागं उभा फुगेवाला म्हणाला,
"ते होय? मला वाटलं केवढं असंल."

उतरणीला लागलं तेव्हा
माझं चार पॉइंट एक, मास्तरांचं चार पॉइंट सहा.
आठवड्याने माझं पाच, त्यांचं सहाला टेकलेलं.
मी त्यांच्या दुर्बिणीची काच पुसली.
दव होतं म्हणाले. दव नव्हतं.

आणि एका रात्री, पेन उघडं,
वहीवर लाल कागद लावलेली बॅटरी,
ते सहज विचारावं तसं म्हणाले,
"किती आलं तुझं?"

पाण्यावर टिटवी ओरडत होती.
मी सांगितलं.
त्यांनी तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात
निळ्याचा लॉट होता.
मी एक डोळा मिटून तुकडा बघितला, मग दुसरा मिटून.
दोन निळे निघाले.
फार नाही, उजव्यात जरा हिरवट.
इतकी वर्षं मी दोघांचं मिळून
एकच सांगत आले होते.
सुपरवायझर म्हणाला, "काय ताई, पास?"
मी म्हटलं, थांब.

फेब्रुवारीत शेवटचं गेलो.
मास्तर बराच वेळ बघत राहिले, कोपर माझ्या खांद्यावर टेकून.
मला दिसत होतं : टॉवेलवरचा ओला डाग
वाळताना कडेने आत येतो, तसं.
मी काही बोलले नाही.
त्यांनीही विचारलं नाही.
तारीख लिहिली, वेळ लिहिली, आकाश स्वच्छ,
आणि पुढे, गणिताच्या मास्तरांच्या अक्षरात : दिसलं नाही.
मग मागचं एक पान उलटलं,
माझ्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली.

परतताना स्कूटरवर मागे बसले होते.
तुळजापूर नाक्याच्या सिग्नलला म्हणाले,
"होतं ना अजून?"
होतं.
"आता सांगायला हरकत नाही. लिहून झालंय."

सात पॉइंट आठ, मी म्हटलं.

हिरवा पडला.
माझ्या पाठीमागे त्यांनी तो आकडा
एकदा मराठीत म्हटला,
एकदा तेलुगूत.